माकणी-सास्तूर, १९९३ : भूकंपाच्या निगेटिव्ह आणि त्या स्कॅन करण्याचा इतिहास

१/
२९ सप्टेंबर १९९३ रोजी अनंत चतुर्दशी होती. विसर्जन आटोपून गावे उशिरा निजली आणि पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हादरली. लातूर जिल्ह्यातील किल्लारी आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, आजच्या धाराशिव जिल्ह्यातील सास्तूर ही नावे त्या दिवशी जगभर पोहोचली. सास्तूरच्याच परिसरात, तेरणेच्या काठी माकणी आहे. या भागाची त्या पहाटेपूर्वीची जी छायाचित्रे आज उरली आहेत, ती जवळजवळ सर्व फिल्मवर टिपलेली आहेत. हा थ्रेड त्या फिल्मविषयी आहे.

२/
भूकंपाची तीव्रता ६.२ होती. जगात याहून मोठे भूकंप दरवर्षी अनेक होतात, पण येथे सुमारे १०,००० माणसे दगावली. कारण घरांच्या रचनेत होते. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर मातीच्या थरांचे जड माळवद ही उन्हाळ्यात गारवा देणारी बांधणी झोपेतल्या माणसांवर कोसळली. पुढे ५२ गावे नव्या जागी वसवण्यात आली. नव्या वसाहतींत रुंद रस्ते व आखीव चौक आले. जुन्या गावाची वेस, पार, बोळ, कोणाच्या वाड्याला लागून कोणाचे घर होते हा सारा नकाशा ढिगाऱ्याखाली राहिला. म्हणून १९९३ पूर्वीचे एखादे लग्नाचे छायाचित्रही येथे ऐतिहासिक साधन ठरते. नवरदेवामागची भिंत आज कुठेच उभी नाही.

३/
माकणीचे नाव भूकंपशास्त्रातही येते. निम्न तेरणा प्रकल्पाचे धरण येथेच आहे. जलाशयातील पाण्याचा या भूकंपाशी काही संबंध होता काय, हा प्रश्न शास्त्रज्ञांनी चर्चेत आणला. त्यावर एकमत झाले नाही. किल्लारीजवळ शेतजमिनीत भेगा आणि लहान उंचवटे दिसले होते. काळ्या जमिनीतल्या अशा खुणा पाऊस आणि नांगर पुसून टाकतात. त्या वेळी काढलेले छायाचित्र हाच मग पुरावा उरतो, आणि त्यातला तपशील किती सूक्ष्म दिसतो यावर त्याचे मोल ठरते.

४/
तेव्हा डिजिटल कॅमेरा नव्हता काय? होता. कोडॅकने १९९१ साली बाजारात आणलेला डीसीएस १.३ मेगापिक्सेलचा होता आणि त्याची किंमत हजारो डॉलरांत होती. मराठवाड्यातील तालुक्याच्या स्टुडिओत चालत असे ते ३५ मिमीचे रीळ : ३६ चित्रे, प्रत्येक चौकट ३६ × २४ मिमी, धुलाई १९७२ पासून रूढ झालेल्या सी-४१ पद्धतीने. रोल शहरातल्या कलर लॅबकडे जाई. परत येताना पोस्टकार्ड आकाराचे प्रिंट आणि कापलेल्या पट्ट्यांत निगेटिव्ह येत. प्रिंट आल्बममध्ये लागत, निगेटिव्ह पाकिटात पडून राहत. बहुतेक वेळा तर त्या स्टुडिओवाल्याकडेच राहत.

५/
येथेच पहिली गफलत होते. घरोघरी आल्बममधले प्रिंट स्कॅन केले जातात. हल्ली तर मोबाइलने त्यांचा फोटो काढला जातो. पण प्रिंट ही निगेटिव्हची उतरवलेली नक्कल आहे. निगेटिव्ह उन्हातले अंगण आणि ओसरीतला अंधार दोन्ही सामावून घेते. कागदाला तेवढा आवाका नसतो. प्रिंटमध्ये जी ओसरी निव्वळ काळी दिसते, तिच्यातील दाराची चौकट आणि खांबाचे कोरीवकाम निगेटिव्हमध्ये अनेकदा शाबूत असते.

६/
छायाचित्राचे आकड्यांत रूपांतर करण्याचा इतिहास मात्र १९९३ पेक्षा बराच जुना आहे. १९५७ साली अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समध्ये रसेल किर्श यांनी आपल्या तान्ह्या मुलाचा फोटो फिरत्या नळकांड्यावर लावून संगणकात घेतला. चित्र १७६ × १७६ बिंदूंचे होते. पुढे छपाई उद्योगाने हेच तत्त्व ड्रम स्कॅनरमध्ये पराकोटीला नेले. हे यंत्र अतिशय महाग असल्याने ते मोठ्या छापखान्यांच्या पलीकडे फारसे गेले नाही.

७/
सामान्यांसाठी पहिला मोठा प्रयत्न भूकंपाच्या आदल्या वर्षीचा आहे. १९९२ साली कोडॅकने ‘फोटो सीडी’ आणली. लॅबने फिल्म स्कॅन करून चकतीवर द्यायची, एका चकतीवर सुमारे १०० चित्रे, सर्वांत मोठे ३०७२ × २०४८ बिंदूंचे. त्या काळाच्या मानाने दर्जा उत्तम होता. पण चित्रे कोडॅकच्या स्वतःच्या बंदिस्त स्वरूपात साठवलेली होती. काही वर्षांत कंपनीने योजना गुंडाळली आणि नव्या संगणकांवर त्या फाइली उघडणे हीच कसरत झाली. पन्नास वर्षे जुनी निगेटिव्ह खिडकीकडे धरून पाहता येते. दहा वर्षे जुनी चकती तशी पाहता येत नाही!

८/
त्यानंतर मिनीलॅबचे युग आले. धुलाईबरोबर सीडी मिळू लागली, पण तिच्यावरची चित्रे बहुधा प्रिंटपुरतीच लहान, दाबून बसवलेल्या जेपेगमध्ये असत. यंत्र रंग आपोआप ‘सुधारत’ असे. आकाश पांढरे फटक होई, सावल्या बुजत. ‘सीडी आहे ना’ म्हणून निगेटिव्ह टाकून देण्याची चूक याच काळात असंख्य घरांनी केली.

९/
मग चांगला स्कॅन म्हणजे किती? ३५ मिमीची चौकट ४००० डीपीआयने घेतली तर सुमारे ५६७० × ३७८० बिंदू, म्हणजे २१ मेगापिक्सेल मिळतात. प्रत्येक रंगाला १६ बिट दिल्यास एका चित्राची न दाबलेली टिफ फाइल १२८ एमबीच्या आसपास जाते. साध्या रंगीत फिल्मचा दाणा याच पातळीवर दिसू लागतो. पुढे आकडा वाढवून फाइल फुगते, गाव अधिक दिसत नाही. आणि खोक्यावरच्या आकड्यांवर विसंबू नये. ६४०० डीपीआय छापलेल्या घरगुती फ्लॅटबेडची खरी क्षमता पुष्कळदा अडीच हजारांच्या आतबाहेर निघते. निकॉनच्या कूलस्कॅन मालिकेतील ४००० डीपीआयची यंत्रे खास फिल्मसाठी घडवलेली होती; कंपनीने ती बनवणे थांबवल्यावर जुनीच यंत्रे दुरुस्त करून वापरात राहिली. आज पुष्कळ संग्राहक मॅक्रो भिंगाच्या डिजिटल कॅमेऱ्याने, खाली शुद्ध पांढरा प्रकाश ठेवून निगेटिव्हचाच फोटो काढतात. पद्धत उत्तम आहे, मात्र कॅमेरा व फिल्म अगदी समांतर हवीत. वाकलेली पट्टी मध्ये स्पष्ट आणि कडेला धूसर येते.

१०/
रंगीत निगेटिव्ह नारिंगी का दिसते, हा प्रश्न नवख्याला हमखास पडतो. फिल्ममधील रंगद्रव्ये पूर्ण शुद्ध नसतात, नको तो प्रकाशही शोषतात. तो दोष खोडून काढण्यासाठी निर्मात्यांनी जाणूनबुजून हा नारिंगी पडदा ठेवला. हा पडदा निळा प्रकाश अडवतो. त्यामुळे स्कॅनरच्या निळ्या वाहिनीला पुरेसा प्रकाश दिला नाही, तर सावल्यांत ठिपक्यांची रवाळ खळबळ माजते. त्यातच तीस वर्षांत रंग समप्रमाणात उडत नाहीत. म्हणून जाणकार आधी निगेटिव्ह आहे तशी, कोणतीही सुधारणा न करता टिपतात. उलटवणे आणि रंग जुळवणे नंतर, प्रतीवर. आधीच यंत्राने ‘सुंदर’ केलेल्या चित्रातून विटलेला रंग कोणता आणि मातीचा रंग कोणता, हे पुन्हा वेगळे काढता येत नाही.

११/
धूळ ही मराठवाड्यातली नित्याची पाहुणी. तिच्यावर १९९० च्या दशकाच्या अखेरीस एक नामी युक्ती निघाली : अवरक्त किरणांनी आणखी एक स्कॅन घ्यायचा. रंगीत फिल्मची रंगद्रव्ये या किरणांना आडवी येत नाहीत, धूळ आणि ओरखडे येतात. त्यांची जागा कळली की संगणक ती बुजवतो. डिजिटल आइस या नावाने हे तंत्र प्रसिद्ध झाले.

पण कृष्णधवल फिल्मवर ते चालत नाही. तेथे चित्र चांदीच्या कणांचे असते आणि चांदीही ते किरण अडवते. यंत्र चेहऱ्यालाच धूळ समजते. हे महत्त्वाचे, कारण १९९३ साली वृत्तपत्रांची छपाई मुख्यत्वे कृष्णधवल होती आणि तशी फिल्म सर्रास वापरली जाई. उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्स या सरकारी कारखान्याची ‘इंदू’ फिल्म तर देशभर ओळखीची होती. अशा पट्ट्या हवेच्या फुग्याने आणि मऊ ब्रशने साफ कराव्या लागतात. उरलेले डाग एकेक करून हाताने. पाण्याने पुसणे टाळावेच. बुरशी लागलेला थर ओला झाला की चित्रासकट सुटतो.

१२/
वेळही अमर्याद नाही. रिळांचा आधार बहुधा ॲसिटेटचा असे. उष्ण आणि दमट जागी तो विघटित होतो, त्याला शिरक्यासारखा आंबट वास येतो, पट्टी आक्रसते आणि वरचा थर सुरकुततो. एकदा सुरू झालेली ही क्रिया थंडीने मंदावते, थांबत नाही. पुण्याने याहून भयंकर प्रकार पाहिला आहे. ८ जानेवारी २००३ रोजी राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या जुन्या नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागली आणि मूक व आरंभीच्या बोलपटांची असंख्य रिळे जळाली. ॲसिटेट तसे पेटत नाही. ते पत्र्याच्या पेटीत, पत्र्याच्याच छपराखाली, कोणाच्या लक्षात न येता संपते.

१३/
एक शेवटची बाब, जी स्कॅन करणारे नेहमी कापून टाकतात : फिल्मची कड. भोकांच्या रांगेलगत कंपनीचे नाव आणि चौकटीचा क्रमांक छापलेला असतो. सप्टेंबर १९९३ च्या अखेरीस कॅमेऱ्यात असलेल्या एखाद्या रोलवर आधी मंडळाचा गणपती आणि मिरवणूक असू शकते, पुढच्या चौकटीत ढिगारे. सुट्या प्रिंटांवरून तो क्रम सांगता येत नाही. कोणती गल्ली मिरवणुकीत उभी होती आणि सकाळी पडलेली ती हीच काय, हे कडेवरचे १७ आणि १८ सांगतात. म्हणून पट्टी कडेसकट स्कॅन करावी, पाकिटावर पेनाने लिहिलेले गावाचे नाव व तारीख फाइलच्या नोंदीत जशीच्या तशी उतरवावी, आणि निगेटिव्ह आम्लरहित कागदात गुंडाळून घरातल्या सर्वांत थंड, कोरड्या जागी परत ठेवावी.

(समाप्त)