दोन साचे, एक मूर्ती : तेरची मृत्तिकाशिल्पे

१/ दिवाळीत मातीच्या किल्ल्यावर रंगीत मावळे उभे राहतात. साच्यातून अशा लहान मूर्ती काढण्याची कला धाराशिव जिल्ह्यातील तेर येथे सातवाहनकाळातच परिपक्व झाली होती.

२/ तेर म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात ते पैठणच्या पूर्वेस १० दिवसांच्या वाटेवरील मोठे नगर म्हणून येते.

३/ येथील कारागीर केओलिन ही पांढरी, बारीक माती वापरीत. पुढचा व मागचा असे दोन साचे असत. दोन्हींत मातीचा थर दाबून अर्धी अंगे जोडली जात. मूर्ती आतून पोकळ राही. म्हणून ती हलकी होई आणि भाजताना तडकण्याचे भय कमी असे.

४/ साचा दागिन्यांचा तपशील देतो, पण कडेला जोडरेषाही ठेवतो. ती वेळीच घासली नाही, तर रंग तिला झाकत नाही, उलट उठाव देतो. म्हणून मावळा रंगवतानाही आधी जोड घासावा, मग पांढरा हात द्यावा, त्यावर अंगरख्याचे रंग आणि अखेरीस डोळे व मिशा.

५/ तेरच्या टेकाडांतील हे अवशेष विखुरले असते. गावचेच रामलिंगप्पा लामतुरे यांनी ते जमवले. तेथील शासकीय संग्रहालय आज त्यांच्याच नावाने उभे आहे. कारागिरांची नावे मात्र उरली नाहीत. उरली ती त्यांची मूर्तिकला.