कार्लाईलची निःशब्द खोली

गेल्या अक्षय्यतृतीयेला आम्ही नव्या जागेत राहायला गेलो. वास्तुशांत झाली, पाहुणे जेवूनखाऊन परतले आणि रात्री दिवा मालवून पडतो न पडतो तोच शेजारच्या बिऱ्हाडातले गृहस्थ खोकले. ते इतके जवळून खोकले की मी अंधारातच “पाणी देऊ का?” म्हणून विचारले! सौ. हसली, मलाही हसू आले. पण ते हसू पहाटेपर्यंतच टिकले. साडेपाचच्या सुमारास डोक्यावर कोणीतरी तालात पाय आपटू लागले. वरच्या मजल्यावरची शाळकरी मुलगी कथ्थक शिकते आणि तत्काराचा रियाझ शाळेपूर्वी उरकते, हे मागाहून कळले. माझी लिहिण्याची वेळ नेमकी तीच.

घर बांधणाऱ्यांकडे गेलो. “नव्या बांधकामात एवढं चालायचंच,” असे सांगून त्यांनी चहा पाजला. एका कारागिराने छताखाली दुसरे छत टांगून खोली ‘आवाजबंद’ करून देण्याची तयारी दाखवली. पण त्याचा आकडा ऐकून माझाच आवाज बंद झाला. तरी मोह सुटेना. त्याच दिवसांत टॉमस कार्लाईलचे चरित्र पुन्हा वाचनात आले, आणि पावणेदोनशे वर्षांपूर्वी एका फार मोठ्या लेखकाने हाच उद्योग करून पाहिला होता, याची आठवण झाली. त्या उद्योगाची ही हकीकत.

कार्लाईल आणि त्याची पत्नी जेन १८३४ साली स्कॉटलंडहून लंडनला आली. चेल्सी भागात, थेम्सच्या जवळ, चेनी रो नावाच्या गल्लीत त्यांनी वर्षाला ३५ पौंड भाड्याने घर घेतले. घर १७०८ सालचे, एकाला एक लागून उभ्या असलेल्या रांगेतले. म्हणजे दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्यांशी सामाईक! कार्लाईल शेतकरी घरातला, माळरानावरच्या शांततेत लिहिण्याची सवय झालेला, पोटाच्या विकाराने आणि निद्रानाशाने गांजलेला. शेजारी पियानो, मागच्या परसात कोंबडे, रस्त्यावर हातगाडीचे बाजे वाजवणारे भटके वादक. कोंबड्यांनी तर त्याला इतके छळले की त्याच्या पत्रांतून ते राक्षसकुळातले म्हणूनच वावरतात.

अखेर १८५३ साली त्याने निश्चय केला. प्रशियाच्या फ्रेडरिक राजाचे मोठे चरित्र लिहायचे होते, त्यासाठी शांतता हवी होती. घराच्या माथ्यावर एक नवी खोली बांधायची ठरली. भिंती दुहेरी, मध्ये पोकळी. बाजूला उघडणाऱ्या नेहमीच्या खिडक्या नाहीत. उजेड यायचा तो छतातल्या तावदानातून. पाटीच्या दगडाच्या छपराखालीही हवेची पोकळी ठेवलेली. खर्च १७० पौंडांच्या आसपास, म्हणजे जवळजवळ पाच वर्षांचे घरभाडे. बांधकामाच्या धुळीला कंटाळून साहेब काही काळ परगावी निघून गेले. गवंडी, सुतार, चुना आणि पडझड यांच्याशी झुंजायला घरी राहिली ती जेन. बहुतेक घरांत असेच होते, हे वाचक भगिनींना निराळे सांगायला नको.

खोली तयार झाली आणि फजिती उघडकीला आली. जवळचे काही आवाज दबले खरे, पण त्यांच्या जागी आजवर कधी न ऐकलेले आवाज आत येऊ लागले. दूरच्या घंटा, आगगाडीच्या शिट्या, नदीवरच्या बोटींचे भोंगे! ‘निःशब्द’ म्हणून बांधलेली खोली घरातली सर्वांत गोंगाटाची ठरली, अशी तिची ख्याती आजवर चालत आली आहे.

असे का व्हावे? यातला एक भाग आपल्या कानांचा आहे. जवळचा मोठा आवाज दूरच्या बारीक आवाजाला झाकून टाकतो. लग्नघरात भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक कोणाला ऐकू येत नाही. वऱ्हाड गेले की तीच टिकटिक रात्रभर जागवते. कोंबडा गप्प झाला म्हणून गाडीची शिटी उघडी पडली. दुसरा भाग बांधणीचा. खोली माथ्यावर, चारी दिशांचे आवाज झेलणारी, आणि वर काचेचे झाकण.

भिंत आवाज अडवते ती मुख्यतः आपल्या वजनाने. भिंतीचे वजन दुप्पट केले तर आवाज आणखी पाच-सहा डेसिबलांनी उतरतो. आणि कानाला आवाज निम्मा वाटायला सुमारे दहा डेसिबल उतरावे लागतात. दुहेरी भिंतीचा उपयोग होतो, पण दोन्ही पदर एकमेकांपासून सुटे असतील आणि कुठे फट नसेल तरच. भिंतीचा शंभरावा हिस्सा जरी उघडा राहिला, तर बाकीची भिंत किल्ल्याची असली तरी वीस डेसिबलांपलीकडे आवाज अडत नाही. पाणी जसे फटीतून वाट काढते तसाच आवाज.

कार्लाईलच्या काळी हे शास्त्र मोजमापाने मांडलेले नव्हते. १८९५ साली अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठाच्या एका नव्या व्याख्यानगृहात बोललेले काही कळेना, तेव्हा वॉलेस सबीन नावाच्या तरुण प्राध्यापकाकडे ते काम आले. शेजारच्या नाट्यगृहातल्या आसनांच्या गाद्या रात्री उचलून आणायच्या, ऑर्गनची एक नळी वाजवायची, नाद किती वेळात विरतो ते घड्याळावर मोजायचे आणि उजाडण्यापूर्वी गाद्या परत नेऊन ठेवायच्या, असा त्याचा क्रम चाले. त्यातून नाद घुमण्याचे गणित जन्मले आणि १९०० साली उघडलेले बोस्टनचे सिंफनी हॉल त्या गणितावर उभे राहिले. गादी खोलीतला घुमारा शोषते. पण शेजाऱ्याचा आवाज अडवायला वजनच लागते, हा भेद आजही पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. भिंतीला अंड्यांचे पुठ्ठे चिकटवून शेजाऱ्याचे भांडण थांबत नाही ते याचमुळे.

आपल्याकडे हे वजन आयतेच होते. देशावरच्या वाड्यांच्या हात-दीड हात रुंद मातीविटांच्या भिंती आणि मातीचे जाड थर दिलेली माळवदे उन्हासाठी बांधलेली असत, पण आवाजही पोटात घेत. चाळींत भिंती पातळ झाल्या, तरी दारे सताड उघडी असत. शेजारचे ऐकू येणे हा तिथे दोष नव्हता, रीत होती. आता चौकट काँक्रीटची, तिच्यात भरलेली भिंत चार इंची आणि हलकी, आणि दार मात्र बंद. भिंत चाळीची आणि अपेक्षा वाड्याची, अशी आपली गत झाली आहे. शिवाय पावलांचा आवाज हवेतून येतच नाही. टाच लादीवर पडली की लादीच थरथरते आणि ती थरथर खांबातुळयांतून घरभर फिरते. खाली दुसरे छत टांगून ती काही प्रमाणात कमी होईल. पण खरा उपाय वरच, पाय आणि लादी यांच्या मध्ये.

पुन्हा चेनी रोकडे वळू. शेजारच्या पियानोबद्दल कार्लाईलने एकदा विनंतीची चिठ्ठी पाठवली, आणि त्या बाईंनी दुपारी दोनपर्यंत न वाजवण्याचे मान्य केले. कोंबड्यांचा प्रश्न तर जेननेच सोडवला. खोली बांधून झाल्यावरही त्यांची बांग थांबली नव्हती. तेव्हा तिने शेजाऱ्याला गाठले, थोडी रक्कम दिली आणि कोंबडे न पाळण्याचा करार करून घेतला. एकशे सत्तर पौंडांच्या भिंतींनी जे साधले नाही, ते दाराशी जाऊन बोलण्याने साधले.

कार्लाईल मात्र त्याच खोलीत बसला. फ्रेडरिकचे सहा खंड १८५८ ते १८६५ या काळात निघाले. जवळजवळ बारा वर्षे तो वर आणि जेन खाली. बाहेरचा आवाज त्या भिंतींना पुरता अडवता आला नाही. खालच्या मजल्यावर आजारी बायको एकटी बसली आहे, एवढे मात्र वर पोहोचले नाही. एप्रिल १८६६ मध्ये तो स्कॉटलंडमध्ये असताना जेन लंडनला फिरायला निघालेल्या गाडीतच वारली. मागाहून तिची पत्रे आणि टिपणे वाचताना त्याला तिचे दुःख कळले, आणि पश्चात्ताप त्याला अखेरपर्यंत पुरला. १८८१ साली तो त्याच घरात वारला. १८९५ पासून ते घर लोकांना पाहायला खुले झाले. माथ्यावरची ती खोली अजून तिथे आहे.

चरित्र मिटून मी वर गेलो. दार मुलीच्या आईने उघडले. मी काही बोलण्याआधीच त्या म्हणाल्या, “काका, त्रास होतो ना हो? कितीदा वाटलं खाली येऊन विचारावं, पण ओळख नव्हती.” मुलगी आतल्या दाराआड उभी होती, घुंगरू हातात घेऊन. अडीच महिने तिच्या पावलांचा राग धरून होतो, पण तिचा चेहरा मी त्या दिवशी प्रथम पाहिला.

जाड रबराची चटई, तिच्यावर लाकडी फळी आणि फळीवर रियाझ, असे ठरले. खर्च आम्ही निम्मा निम्मा वाटून घेतला. तो त्या छताच्या आकड्यापुढे नगण्य होता. वेळही साडेपाचची साडेसहा झाली. आवाज संपला असे नाही. धपधप गेली, तरी ताल येतोच. पण आता तो कोणाचा आहे ते ठाऊक आहे, आणि मध्येच चुकला तर आमची सौ. वर पाहून म्हणते, “आज पोरीची झोप झालेली दिसत नाही.”

भाऊबीजेला तिने आम्हां दोघांना तिचा नाच पाहायला बोलावले आहे. या खेपेला तो आम्ही समोर बसून ऐकणार आहोत.