खेळातले प्रश्न, मनातली उत्तरे

मंडळी, शाळेचे शेवटचे दिवस जवळ आले की मुलींच्या हातांतून एक वही फिरू लागते. पानावर वर नाव आणि त्याखाली ओळीने प्रश्न. आवडता रंग कोणता? आवडता पदार्थ कोणता? कशाची भीती वाटते? मोठेपणी काय व्हायचे मनात आहे? शहराकडे या वहीला ‘स्लॅमबुक’ म्हणतात. गुरुजी दिसले की ती दप्तरात जाते आणि त्यांची पाठ फिरली की पुन्हा बाहेर येते. आपण वडीलधारी माणसे म्हणतो, चालायचेच, पोरखेळ आहे. पण या पोरखेळाला दीडशे वर्षांहून अधिक इतिहास आहे, आणि त्यात भलीभली माणसे सापडतात. आज त्या वहीचीच हकिकत सांगणार आहे.

एकोणिसाव्या शतकाचा उत्तरार्ध. इंग्लंडात व्हिक्टोरिया राणीचे राज्य. तेव्हा रेडिओ नव्हता, सिनेमा नव्हता. संध्याकाळी दिवे लागले की घरातली माणसे आणि आलेगेले पाहुणे बैठकीच्या खोलीत जमत. त्या वेळी करमणुकीसाठी छापील प्रश्नांच्या वह्या निघाल्या. त्यांना म्हणत ‘कन्फेशन’ची, म्हणजे कबुलीची वही. कन्फेशन हा शब्द मुळात धर्मातला. पाद्र्यापुढे आपल्या पापांची कबुली द्यायची, हा विधी आपल्या वसई-गोव्याच्या ख्रिस्ती बांधवांना चांगला ठाऊक आहे. इथे मात्र पाद्री नाही आणि पापही नाही. तुमचा आवडता कवी कोण, तुम्हांला तिटकारा कशाचा, तुमच्या मते सुख कशात आहे, असे प्रश्न. बहुधा घरातली मुलगी वही पुढे करी आणि पाहुण्याला नाही म्हणता येत नसे.

लंडनमध्ये अशाच एका घरात कार्ल मार्क्स राहत होता. साल 1865. ज्या ग्रंथाने पुढे जगभर खळबळ उडवली, त्या ‘भांडवल’चा पहिला खंड बाहेर पडायला अजून दोन वर्षे होती. दाढीवाला, करारी, कर्जाने गांजलेला गृहस्थ. पण मुलींनी वही पुढे केली आणि हा निमूटपणे उत्तरे लिहू लागला. आवडता रंग, लाल. हे आपल्याला अपेक्षितच होते! आवडता उद्योग, पुस्तकांत डोके खुपसून बसणे. आवडती नावे दोन, जेनी आणि लॉरा. ही त्याच्या मुलींचीच नावे. आवडता पदार्थ, मासे. इंग्रजीत ‘डिश’ आणि ‘फिश’ यांचे यमक जुळते. तेव्हा हे उत्तर जिभेने दिले की यमकाने, देव जाणे. आवडते वीर दोन. एक स्पार्टाकस, रोमविरुद्ध उठलेल्या गुलामांचा पुढारी. दुसरा केप्लर, ग्रहांच्या गतीचे नियम सांगणारा ज्योतिषशास्त्रज्ञ. सुख कशात, तर झगडण्यात. दुःख कशात, तर मान तुकवण्यात. पुरुषात कोणता गुण आवडतो, तर बळ, आणि स्त्रीत? दुर्बलता! जगाला समतेचा पाठ देणाऱ्या माणसाने आपल्याच लेकींच्या वहीत हे लिहावे, याची गंमतही वाटते आणि थोडा विचारही पडतो.

मार्क्सचा जिवलग मित्र फ्रेडरिक एंगल्स याच्याकडे 1868 साली हीच वही आली. मँचेस्टरच्या सूतगिरणीत भागीदार असलेला हा माणूस स्वभावाने मोकळा आणि थट्टेखोर. त्याने सुखाच्या जागी फ्रान्समधल्या एका द्राक्षमद्याचे नाव आणि साल लिहून टाकले. दुःख काय, तर दाताच्या डॉक्टरकडे जाणे. आवडता वीर, एकही नाही. आवडत्या नायिका इतक्या, की एकीचे नाव कसे सांगू? आवडता उद्योग, दुसऱ्याची थट्टा करणे आणि आपली करून घेणे. थोर माणसांच्या चरित्रांत तारखा असतात, भाषणे असतात, पण दातदुखीचा धसका सहसा नसतो. तो या वहीत सापडतो.

आता इंग्लंडची खाडी ओलांडून पॅरिसला चला. वहीची ही टूम 1880 नंतरच्या दशकात तिथेही पोचली होती. फेलिक्स फोर नावाचे एक राजकारणी गृहस्थ होते. ते पुढे 1895 साली फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष झाले. त्यांची कन्या आंत्वानेत हिच्याजवळ एक इंग्रजी वही होती. तिच्या ओळखीच्या, अजून शाळेत जाणाऱ्या एका नाजूक प्रकृतीच्या मुलाने त्या वहीत उत्तरे लिहिली. त्याचे नाव मार्सेल प्रूस्त. तुमच्या मते मोठ्यात मोठे दुःख कोणते? मुलाने लिहिले, आईपासून दूर राहावे लागणे. विशीच्या सुमारास त्याने अशाच दुसऱ्या प्रश्नावलीला उत्तरे दिली. कशाचा सर्वांत तिटकारा येतो, तर माझ्यात जे वाईट आहे त्याचा. कोणती देणगी हवीशी वाटते, तर मनोनिग्रहाची, आणि लोकांना मोहून टाकण्याची. आणि सध्या मनाची स्थिती कशी आहे? तर एवढे प्रश्न सोडवताना स्वतःचाच विचार करावा लागला, त्याने आलेला कंटाळा!

हाच प्रूस्त पुढे विसाव्या शतकातला एक श्रेष्ठ कादंबरीकार ठरला. 1913 ते 1927 या काळात सात भागांत निघालेल्या त्याच्या महाकादंबरीच्या आरंभी काय आहे? रात्री अंथरुणात पडलेला, आई येऊन जवळ घेईल म्हणून वाट पाहणारा एक मुलगा. वहीतल्या एका ओळीचा धागा असा आयुष्यभर पुरला. प्रूस्त 1922 साली वारला. दोन वर्षांनी, 1924 साली, आंत्वानेतच्या मुलाने ती जुनी वही शोधून काढून प्रसिद्ध केली. 2003 साली तिचा लिलाव झाला तेव्हा किंमत आली एक लाख युरोंहून अधिक. नियतकालिकांतून आणि दूरचित्रवाणीवरून मोठ्या माणसांना विचारल्या जाणाऱ्या अशा प्रश्नांना आज ‘प्रूस्तची प्रश्नावली’ म्हणतात. प्रश्न त्याने काढले नव्हते. त्याने फक्त मनापासून उत्तरे दिली आणि नाव त्याचे लागले.

तुम्ही म्हणाल, हे सगळे साहेबाच्या घरचे झाले; आपल्याकडे असे कोणी विचारीत नसे काय? विचारीत असत तर! डोहाळे म्हणजे दुसरे काय? सातव्या महिन्यात लेकीला फुलांचे दागिने घालून झोपाळ्यावर बसवायचे आणि तिला काय खावेसे वाटते, कुठे जावेसे वाटते, हे कौतुकाने विचारायचे. एरवी सासरी जिला कोणी ‘तुला काय आवडते गं?’ म्हणून विचारले नाही, तिला निदान त्या दिवसांत हा प्रश्न ऐकू येई. कालिदासाच्या ‘रघुवंशा’त तिसऱ्या सर्गात दिलीप राजाची राणी सुदक्षिणा गरोदर आहे. ती लाजेने काही बोलत नाही. म्हणून कोसल देशाचा तो राजा तिच्या सख्यांना पुनःपुन्हा विचारतो, हिला कशाची इच्छा आहे ते सांगा. एवढ्या मोठ्या राजालाही उत्तर हुकुमाने मिळत नाही. त्याला वाट पाहावी लागते.

परंतु याच प्रश्नाची दुसरी कथाही आपल्या परंपरेत आहे. वाल्मीकि रामायणाच्या उत्तरकांडात श्रीराम गरोदर सीतेला विचारतात, तुझी कोणती इच्छा पुरवू? ती हसून सांगते, गंगेकाठचे ऋषींचे आश्रम पाहावेसे वाटतात, तिथे एक रात्र तरी राहावे. पुढे लोकापवाद कानी येतो, आणि लक्ष्मणाला आज्ञा होते की हिला रथात बसवून गंगेपलीकडे सोडून ये. तिने आश्रम पाहायची इच्छा बोलून दाखवलीच आहे. सीता आनंदाने रथात बसते. तिला वाटते, आपले डोहाळे पुरवले जात आहेत. ज्या उत्तरात तिने आपले मन उघडे केले, त्याच उत्तराच्या वाटेने तिला वनात नेले. ही कथा मी वाचतो तेव्हा वाटते, मनातले उत्तर म्हणजे ठेव आहे. ती ज्याच्या हाती दिली, त्याने तिचे पुढे काय केले, यावर सारे अवलंबून.

वहीच्या इतिहासातही पुढे असेच वळण आले. घरातला प्रश्न हळूहळू कचेरीत गेला. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ले हॉल यांनी छापील प्रश्न पाठवून सुमारे सतराशे लोकांची भीती टिपून घेतली आणि 1897 साली त्यावर निबंध लिहिला. त्यांत मुले आणि तरुण पुष्कळ. सर्वांत जास्त भीती आढळली ती विजेची आणि मेघगर्जनेची. त्याखालोखाल सापासारखे सरपटणारे प्राणी, अनोळखी माणसे, अंधार. हेतू चांगला होता. मुलाचे मन कळल्याशिवाय त्याला शिकवता येत नाही, असे हॉल यांचे म्हणणे.

मग पहिले महायुद्ध आले. तोफांच्या माऱ्याने सैनिकांची मने खचू लागली. अमेरिका 1917 साली युद्धात उतरली तेव्हा, कोण टिकेल आणि कोण खचेल हे आधीच ओळखावे, म्हणून रॉबर्ट वुडवर्थ यांनी शंभरावर प्रश्नांचा एक तक्ता तयार केला. पुलावरून नदी ओलांडताना अस्वस्थ वाटते काय? झोप नीट लागते काय? उत्तर फक्त हो किंवा नाही. तक्ता पुरा होईपर्यंत युद्धच संपत आले, म्हणून त्या कामी तो आला नाही. परंतु पुढच्या असंख्य चाचण्यांचा तो मूळपुरुष ठरला. आता फरक पाहा. जेनीच्या वहीत विचारणारी स्वतःही उत्तर देई, आणि चुकीचे उत्तर असे काही नव्हतेच. तक्त्यात विचारणारा उत्तर देत नाही. तो गुण मोजतो. आणि गुण मोजले जाताहेत हे कळले की माणूस खरे सांगायचे सोडून बरे दिसेल ते सांगतो.

हे मला पुस्तकाने शिकवले नाही, माझ्या चुकीने शिकवले. काही वर्षांपूर्वी मी वर्गात चिठ्ठ्या वाटल्या आणि विचारले, तुम्हांला कशाची भीती वाटते? नाव लिहू नका म्हटले. मग गंमत म्हणून मी चिठ्ठ्या मोठ्याने वाचू लागलो. एकीत लिहिले होते, ‘संध्याकाळची एस. टी. चुकण्याची.’ वर्ग हसला, मीही हसलो. त्या गाडीने येणारी मुलगी वर्गात एकच होती. ती मान खाली घालून बसली. तास संपल्यावर दाराशी थांबली आणि म्हणाली, ‘सर, एकदा जरी अंधार पडल्यावर घरी गेले, तर दुसऱ्या दिवसापासून माझे कॉलेज बंद. पुढच्या वेळी वाचू नका.’ पुढच्या वर्षी मी पुन्हा चिठ्ठ्या वाटल्या. उत्तरे आली, साप, अंधार, भूत. सगळी बिनधोक! गोष्ट पसरली होती. हॉल साहेबांच्या यादीतही असे किती साप आणि किती अंधार असतील, असे तेव्हापासून वाटते.

म्हणून शिक्षक बंधुभगिनींना एवढेच सांगणे आहे. मुलांना हे प्रश्न जरूर विचारा. पुष्कळ मुलांना घरी ते कोणी विचारलेले नसतात. पण आधी फळ्यावर स्वतःचे उत्तर लिहा. लहानपणी तुम्हांला कशाची भीती वाटे, आज वाटते, हे मुलांना कळू द्या. मुलाने लिहिलेले चारचौघांत वाचू नका आणि त्याला गुण देऊ नका. आणि एस. टी.ची भीती कोणी लिहिली, तर हसण्याऐवजी तास दहा मिनिटे आधी सोडता येईल का ते पाहा. मी आता तसे करतो.

आणि गावातल्या मायबाप मंडळींना विनंती. रात्री जेवणे झाली की ओसरीवर एखाद्या दिवशी म्हातारीला विचारा, आजी, तुला काय आवडायचे? लहानपणी तुझ्या मनात काय व्हायचे होते? ती आधी म्हणेल, ‘आता काय विचारता मेल्यांनो!’ तेवढ्यावर उठू नका. दिलीप राजाने पुन्हा विचारले होते. तुम्हीही थोडे थांबा, आणि पुन्हा विचारा.