लाल तेलाची कुळकथा

ऑटोमॅटिक गिअरबॉक्समधले तेल गिअरना वंगण पुरवते, उष्णता वाहून नेते आणि इंजिनाची शक्तीही पुढे पोचवते. त्याच्याच दाबाने झडपा आणि पिस्टन हलतात. त्यात बुडालेल्या क्लच प्लेट्स एकमेकींना किती लवकर आणि किती घट्ट धरतील, हेही तेच ठरवते. जुन्या गाडीसाठी तेल निवडताना होणारा सगळा घोळ या शेवटच्या कामातून उपजला आहे.

जनरल मोटर्सचा हायड्रा-मॅटिक गिअरबॉक्स १९३९ च्या अखेरीस ओल्ड्समोबिल गाड्यांत बसू लागला. दुसऱ्या महायुद्धात तो अमेरिकी एम-५ स्टुअर्ट रणगाड्यांतही गेला. युद्धानंतर अशा गाड्या वाढल्या आणि कोणाचेही तेल कसेही चालवून घेणे परवडेना. म्हणून १९४९ मध्ये कंपनीने ‘टाइप ए’ हे मानक ठरवले. शिकागोच्या आर्मर रिसर्च फाउंडेशनच्या चाचणीत उतरलेल्या तेलाच्या डब्यावर तसा क्रमांक छापला जाई. १९५७ मध्ये सुधारित ‘टाइप ए, सफिक्स ए’ आले. भारतात पॉवर स्टिअरिंगसाठी विकल्या जाणाऱ्या तेलाच्या डब्यांवर हे नाव अजूनही दिसते.

फोर्डने पुढे वेगळी वाट धरली. क्लच प्लेट्स सरकत सरकत एकरूप होतात, तेव्हा शेवटच्या क्षणी घर्षण वाढले तर गिअर झटक्याने पडतो. जनरल मोटर्सला तो झटका नको होता, म्हणून तिच्या तेलात घर्षण सौम्य करणारे द्रव्य असे. फोर्डच्या ‘टाइप एफ’मध्ये ते नव्हते. तिथे पकड पक्की आणि चटकन बसावी, असाच प्लेट्सचा घाट होता. १९६७ मध्ये जनरल मोटर्सचे ‘डेक्सरॉन’ आले आणि दोन घराणी कायमची वेगळी झाली. टाइप एफच्या गिअरबॉक्समध्ये डेक्सरॉन घातले, तर प्लेट्स जास्त वेळ घसरतात, तापतात आणि झिजतात. उलट केले तर गाडी दर गिअरला हिसका देते. दोन्ही तेले लाल असल्याने रंगावरून काहीच कळत नाही.

घर्षण सौम्य करणारे ते द्रव्य बराच काळ स्पर्म व्हेल या देवमाशाच्या तेलापासून मिळे. उष्णतेत टिकणारे आणि धातूला धरून राहणारे हे तेल यंत्रांना फार मानवले. मात्र त्याची किंमत एका प्राणिजातीला मोजावी लागत होती. अमेरिकेच्या १९७३ च्या संकटग्रस्त प्रजाती कायद्यानंतर तो मार्ग बंद झाला, आणि तो व्हायलाच हवा होता. त्याच सुमारास आलेल्या डेक्सरॉन-२ मध्ये पर्यायी द्रव्ये होती. पण त्याच्या पहिल्या आवृत्तीने तेल थंड करणाऱ्या कूलरचा धातू गंजू लागला. गंजरोधक घालून सुधारलेले ‘२-डी’ लवकरच आणावे लागले.

यानंतर नावे भराभर बदलली. फोर्डने १९८७ मध्ये ‘मर्कॉन’ आणले. त्याचे गुणधर्म डेक्सरॉनच्या जवळचे होते. क्रायस्लरने ‘एटीएफ प्लस’ ही स्वतःची मालिका चालवली. १९९३ मध्ये डेक्सरॉन-३ आणि २००५ मध्ये अधिक पातळ डेक्सरॉन-६ आले. आपल्या जुन्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सना डेक्सरॉन-६ चालते, असे जनरल मोटर्स सांगते. ही हमी दुसऱ्या कंपन्यांच्या गिअरबॉक्सना आपोआप लागू होत नाही. डेक्सरॉन-३ चे परवाने २००६ च्या अखेरीस संपले. त्यामुळे आज डब्यावर ‘डेक्सरॉन-३ साठी योग्य’ असे लिहिलेले असते, तेव्हा तो तेल बनवणाऱ्याचा स्वतःचा दावा असतो.

तेव्हा जुन्या गाडीसाठी तेल घेताना आधी त्या वर्षीचे मालकाचे पुस्तक पाहावे. पुष्कळ गाड्यांच्या डिपस्टिकवरही तेलाचे नाव कोरलेले असते. टाइप ए मागणाऱ्या जनरल मोटर्सच्या गाडीला डेक्सरॉन चालते. टाइप एफ मागणाऱ्या फोर्डला टाइप एफच द्यावे, ते अजूनही बाजारात मिळते. मधल्या काळात गिअरबॉक्स बदललेला असेल, तर गाडीचे वर्ष सोडून त्या गिअरबॉक्सवरचा क्रमांक शोधावा आणि त्यानुसार तेल भरावे.