काडतूस आधीं, बंदूक मागून

कराबीन हा शब्द मराठीला परका नाहीं. घोडेस्वारानें खोगिरावर बसून वापरावयाची आखूड बंदूक, हा त्याचा मूळ अर्थ. पुढें घोडदळ इतिहासजमा झालें. त्या आखूड बंदुकीची गरज मात्र संपली नाहीं. तोफेवरील गोलंदाज, मालमोटारीचा चालक, तारायंत्रावर बसलेला शिपाई किंवा पहाऱ्यावरील पोलीस, या सर्वांचें मुख्य काम दुसरेंच असतें. लांब रायफल त्यांना अडचणीची वाटते, आणि पिस्तूल हातीं दिलें तर थोड्या पावलांपलीकडे त्याच्या नेमाचा भरंवसा राहत नाहीं. मग पिस्तुलाचेंच काडतूस लांब नळींतून, खांद्याला टेकलेल्या दस्त्याच्या आधारानें उडवावें, ही कल्पना सुचणें स्वाभाविक होतें.

या कल्पनेंत सोयहि मोठी होती. अमेरिकेंत विंचेस्टर कंपनीनें सन १८७३ मध्यें आपली प्रसिद्ध रायफल बाजारांत आणली. तिच्यांत जें चव्वेचाळीस कॅलिबरचें काडतूस चाले, त्याच काडतुसाचें रिव्हॉल्व्हर कोल्ट कंपनीनें लवकरच काढलें. कमरेला एकच पट्टा बांधावा आणि त्यांतील काडतुसें दोन्ही शस्त्रांना पुरवावींत, हें दूर रानावनांत राहणाऱ्या माणसाला किती उपयोगाचें असेल, तें सांगावयास नको. जर्मनींतहि विसाव्या शतकाच्या आरंभीं लुगर पिस्तुलाला लांब नळी व लांकडी दस्ता जोडून कराबीन करण्यांत आली. त्याच लुगरसाठीं सन १९०२ मध्यें तयार झालेलें नऊ मिलिमीटरचें काडतूस पुढें जगभर पसरलें.

पिस्तुलाच्या काडतुसाचा आणखी एक गुण कारागिरांना मोहविणारा होता. त्यांत दारू थोडी, म्हणून नळींतील दाबहि बेताचा. रायफलीचें काडतूस उडतें त्या क्षणीं तिचा बोल्ट भक्कम अडसरानें बंद असावा लागतो. पिस्तुलाच्या काडतुसाला तसा अडसर लागत नाहीं. वजनदार बोल्ट आणि त्यामागील स्प्रिंग एवढ्यावरच काम भागतें. गोळी पुढें जाते, रिकामें टरफल बोल्टला मागें ढकलतें, स्प्रिंग त्याला पुन्हां पुढें लोटते आणि नवें काडतूस नळींत शिरतें. चाप एकदां ओढला कीं एकच गोळी सुटावी अशी व्यवस्था केली, म्हणजे तिला अर्धस्वयंचलित बंदूक म्हणतात. रचना इतकी साधी आहे कीं, ती करणें सोपें असेल असेंच कोणालाहि वाटावें. या साधेपणाच्या पोटीं एक अट मात्र दडलेली असते. येथें काडतुसाचा जोर आणि बोल्टचें वजन यांचा मेळ हाच सारा आधार असतो. काडतूस बदललें कीं हिशेब बदलतो.

अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स राज्यांत स्प्रिंगफील्ड या गांवीं स्मिथ आणि वेसन ही रिव्हॉल्व्हरें करणारी जुनी कंपनी होती. सन १९३९ च्या सुमारास तिची सांपत्तिक स्थिति खालावली होती. युरोपांत युद्धाचे ढग जमत होते. अशा वेळीं कंपनीनें नऊ मिलिमीटरच्या काडतुसाची एक अर्धस्वयंचलित कराबीन तयार केली. तिचा आराखडा एडवर्ड पॉमरॉय यांचा होता. नांव ठेवलें ‘लाइट रायफल’, म्हणजे हलकी रायफल. नळी दहा इंचांहून किंचित आखूड आणि पेटींत वीस काडतुसें. पेटीच्या मागेंच एक रुंद पन्हळ होतें आणि त्यांतून रिकामीं टरफलें खालीं पडत. कारागिरी देखणी होती. भाग पोलादाच्या ठोकळ्यांतून कोरून काढलेले होते, आणि त्यांवरील सफाई रिव्हॉल्व्हरें करणाऱ्या घराण्याला शोभण्यासारखी होती. मात्र नांवानें हलकी असलेली ही बंदूक वजनानें आठ पौंडांहून अधिक भरली. ब्रिटिश पायदळाची पूर्ण लांबीची रायफलहि हिच्याहून फारशी जड नव्हती!

सन १९३९ मध्यें अमेरिकी सैन्यानें अॅबरडीन येथील मैदानावर तिची परीक्षा घेतली आणि ती नाकारली. सैन्याचें पिस्तूल पंचेचाळीस कॅलिबरचें होतें. नऊ मिलिमीटरचें काडतूस त्याच्या कोठारांत नव्हतें. एका बंदुकीसाठीं काडतुसांची नवी सोय उभी करावी, हें त्या खात्याला पटलें नाहीं. त्या नकारांतच पुढील प्रकरणाची सूचना होती.

सन १९४० च्या मे-जूनमध्यें डंकर्कच्या किनाऱ्यावरून ब्रिटिश सैन्य सुटलें, पण तोफा, मोटारी आणि बंदुका मागें टाकून. शत्रु खाडीपलीकडे उभा होता, आणि जें मिळेल तें शस्त्र हवें अशी इंग्लंडची अवस्था होती. या काळांत स्मिथ आणि वेसनच्या कराबिनीकडे ब्रिटिश सरकारचें लक्ष गेलें. कंपनीला दहा लक्ष डॉलर आगाऊ देण्यांत आले. ती रक्कम यंत्रसामग्री व तयारी यांवर खर्च होऊं लागली. ‘बाजारांत तुरी’ ही आपल्याकडील म्हण आठवावी असा हा व्यवहार होता. संकटांत सांपडलेल्या राष्ट्राला मात्र त्याबद्दल फार दोष देतां येणार नाहीं. ज्याचें घर पेटलें आहे तो बादली पारखून घेत बसत नाहीं.

बंदुका इंग्लंडांत पोंचल्या आणि परीक्षा सुरू झाली. पांच हजार गोळ्या झाडल्या तरी बंदूक टिकली पाहिजे, अशी ब्रिटिशांची अपेक्षा होती. तो टप्पा गांठण्यापूर्वींच भाग तडकूं व मोडूं लागले. कंपनीनें आपली बंदूक अमेरिकी बाजारांत मिळणाऱ्या सौम्य काडतुसांवर पारखली होती. ब्रिटिशांच्या काडतुसांचा जोर अधिक होता. वर सांगितलेला मेळ नेमका येथें बिघडला. सुधारलेली दुसरी आवृत्तीहि निघाली, पण तिनें प्रश्न सुटला नाहीं. हजाराहून थोड्या अधिक बंदुका झाल्यावर सन १९४१ मध्यें हें काम थांबलें.

आतां दोन्ही पक्ष पेंचांत सांपडले. सरकारला पैसे परत हवे होते, आणि कंपनीजवळ ते उरले नव्हते. कंपनीचें दिवाळें निघालें असतें तर सरकारच्या हातीं पैसेहि आले नसते आणि शस्त्रेंहि. शेवटीं तोड निघाली ती अशी, कीं त्या रकमेच्या मोबदल्यांत कंपनीनें ब्रिटिशांना अडतीस कॅलिबरचीं रिव्हॉल्व्हरें द्यावींत. हें शस्त्र कंपनीच्या हाताखालचें होतें. त्याचें काडतूस मुळांत तिनेंच सन १८७७ च्या सुमारास बाजारांत आणलेलें. ब्रिटिशांनीं अधिक जड गोळी घालून तें आपलेंसें केलें होतें. येथें काडतुसाविषयीं कोणालाच शंका नव्हती. युद्ध संपेपर्यंत अशीं पांच लक्षांहून अधिक रिव्हॉल्व्हरें तयार झालीं. ज्या व्यवहारानें कंपनी बुडावयाची, त्याच्याच शेवटानें ती तरली.

याच सुमारास अमेरिकी सैन्यानेंहि दुय्यम कामांवरील शिपायांसाठीं हलक्या बंदुकीची निवड आरंभिली होती. तिचा क्रम मात्र उलटा होता. वजन पांच पौंडांच्या आसपास असावें, असें प्रथम ठरलें. पिस्तुलाचें काडतूस त्या कामाला दुबळें पडेल, म्हणून विंचेस्टर कंपनीकडून तीस कॅलिबरचें नवें काडतूस करवून घेण्यांत आलें. नऊ मिलिमीटरच्या मानानें त्याची शक्ति दुपटीहून अधिक होती. तें काडतूस पुढें ठेवून मग निरनिराळ्या कारखान्यांकडून बंदुका मागविल्या. विंचेस्टरचीच बंदूक पसंत ठरली आणि सन १९४१ च्या ऑक्टोबरांत ‘एम वन कार्बाइन’ या नांवानें ती मान्य झाली. युद्धकाळांत अशा सुमारें साठ लक्ष कार्बाइनी बाहेर पडल्या.

ब्रिटिशांनीं नऊ मिलिमीटरचें काडतूस सोडलें नाहीं. बंदुकीविषयींची समजूत मात्र बदलली. सन १९४१ च्या आरंभीं शेपर्ड आणि टर्पिन यांनीं स्टेन बंदूक काढली. पत्रा, नळ्या आणि जोडकाम यांची ती ओबडधोबड वस्तु. पण चाप दाबून धरला तर गोळ्यांची सर सुटे, आणि तयार करण्यास अवघे दोन-अडीच पौंड पुरत. साध्या रचनेला साधी कारागिरी, असा तिचा न्याय होता. स्प्रिंगफील्डच्या कारागिरांनीं त्याच रचनेला रत्नजडित कोंदण घडविलें होतें.

इंग्लंडांत पोंचलेल्या बहुतेक लाइट रायफली नष्ट करण्यांत आल्या. अमेरिकेंत मात्र सन १९७० नंतर कंपनीच्या जुन्या कोठारांत सुमारें दोनशें बंदुका तशाच पडून असलेल्या सांपडल्या. आखूड नळीमुळें कायद्याची अडचण होती. ती सरकारी परवानगीनें दूर झाल्यावर त्या संग्राहकांच्या हातीं गेल्या. जी वस्तु रणांगणावर कोणाला नको होती, तिच्यासाठीं आतां मोठी किंमत मोजली जाते. पोलादावरील ती सफाई पाहणाऱ्याला आजहि थक्क करते.

त्या सफाईंत खोट नव्हती, कारागिरांच्या प्रामाणिकपणांतहि नव्हती. खोट होती ती क्रमांत. बंदूक डोळ्यांना दिसते आणि हाताला भावते. काडतूस मुठींत मावणारी क्षुद्र वस्तु, म्हणून तिचा विचार मागाहून होतो. पण बंदुकीचें वजन, तिचा पल्ला, तिचें आयुष्य, इतकेंच नव्हे तर कोठारापासून शिपायापर्यंतचा सारा पुरवठा त्या क्षुद्र वस्तूवरून ठरतो. ‘आधीं कळस मग पाया’ असें कोणतेंहि बांधकाम होत नाहीं. दहा लक्ष डॉलरांना स्मिथ आणि वेसनला व ब्रिटिश सरकारला तेंच शिकावें लागलें.