कस्टम फिशिंग रॉडचा रंग टिकवायचा कसा? क्लिअर कोटची पूर्ण माहिती

मोबाइलला आपण स्क्रीनगार्ड लावतो, कारण ओरखडा काचेवर न येता गार्डवर यावा. हाताने रंगवलेल्या फिशिंग रॉडचंही तसंच आहे. रंग फक्त दिसण्यासाठी असतो, मार झेलतो तो त्यावरचा पारदर्शक थर, म्हणजे क्लिअर कोट. हा थर चुकला तर रंग निघतोच, शिवाय रॉडही जड आणि सुस्त होतो.

रंग देण्याआधी

ब्लँक, म्हणजे रॉडची कार्बन किंवा फायबरग्लासची मुख्य काठी, मी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घेतो. त्यानंतर तिला उघडा हात लावत नाही. बोटांचं तेल किंवा सिलिकॉन राहिलं, तर वरच्या थरात बारीक खड्डे पडतात. रंग नीट धरावा म्हणून बारीक पॉलिशपेपरने फक्त चमक घालवायची. जोरात घासलं तर आतले तंतू कापले जातात आणि मोठा मासा लागल्यावर रॉड तिथेच मोडू शकतो.

कुठे कोणता कोट?

१. गाईड बांधलेल्या दोऱ्यावर दोन भागांचं इपॉक्सी लावा. रेझिन आणि हार्डनरचं प्रमाण बहुतेक वेळा १:१ असतं, तरी पाकिटावर बघाच. अंदाजाने ओतू नका, दोन वेगळ्या सिरिंजने मोजा. प्रमाण चुकलं तर थर चिकटच राहतो. लावल्यावर रॉड आडवा ठेवून काही तास सावकाश फिरवत राहायचा, नाहीतर इपॉक्सी खाली ओघळतं.

२. बाकीच्या रंगावर मी पातळ पॉलियुरेथेन वापरतो. इपॉक्सी सगळीकडे लावलं तर वजन वाढतं आणि शेंडा मंद होतो. शिवाय ते उन्हात हळूहळू पिवळं पडतं. एका जाड हातापेक्षा दोन पातळ हात बरे. काम हवेशीर जागेत करा. स्प्रे करणार असाल तर योग्य मास्क हवाच.

क्लिअर कोटमधलं सॉल्व्हंट कधी कधी खालचा रंगच उचलतं. म्हणून आधी रंगवलेल्या टाकाऊ तुकड्यावर चाचणी घ्या.

नंतरची काळजी

- समुद्रावरून आल्यावर गोड्या पाण्याने धुवा, मऊ कापडाने पुसा, सावलीत सुकवा.
- ओला रॉड कव्हरमध्ये कोंडू नका आणि उन्हातल्या बंद गाडीत ठेवू नका. ओल आणि उष्णतेमुळे थराला फुगे येऊ शकतात.
- डासांच्या क्रीममध्ये 'डीट' असेल तर हात धुऊनच रॉड धरा. डीट रंग, वार्निश आणि काही प्लास्टिकही खराब करतं.
- डाग काढायला थिनर किंवा अॅसिटोन नको, सौम्य साबणाचं पाणी पुरतं.

महिन्यातून एकदा अंधाऱ्या खोलीत मोबाइलचा टॉर्च रॉडला जवळजवळ समांतर धरून बघा. तिरप्या उजेडात बारीक चरे आणि सुटलेल्या कडा लगेच दिसतात. चरा फक्त क्लिअर कोटमध्ये असेल, तर जागा साफ करून पातळ हात द्या. चरा ब्लँकपर्यंत गेला असेल, तर जाणकाराला दाखवल्याशिवाय तो रॉड वापरू नका.