कौशल्य नेमकं कोणाचं?

नाशिककर मंडळी, गोल्फ क्लब मैदानावर कधी कोणाला गोल्फ खेळताना पाहिलंय? मीही नाही. मैदानाचं खरं नाव हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान. ज्या अठरा वर्षांच्या पोराने २१ डिसेंबर १९०९ ला विजयानंद थिएटरात कलेक्टर जॅक्सनला गोळ्या घातल्या, त्याचं. पण रिक्षावाल्याला विचारा, तो "गोल्फ क्लब" म्हणेल. साहेब गेला, खेळ गेला, नाव राहिलं.

विषय निघाला तो असा. परवा तिथेच चालून झाल्यावर कट्ट्यावर बसलो होतो. शेजारच्या पोराच्या मोबाईलवर परदेशी ॲप उघडं होतं आणि त्यात पैज होती की यंदाच्या सीझनमध्ये कोणता गोल्फर सगळ्यात जास्त पैसे कमावणार. पोराने आयुष्यात गोल्फची काठी हातात धरलेली नाही. म्हटलं, अरे हा तर मटकाच! तर म्हणतो, "काका, मटका नाही, हा स्किल गेम आहे."

हे "स्किल" प्रकरण फार जुनं आहे. म्हणून ही लांबलचक पोस्ट.

गोल्फ आणि जुगाराचं नातं आपल्याच देशाच्या नावाने चालतं. स्पर्धेआधी खेळाडूंचा लिलाव करायचा, ज्याने जो खेळाडू घेतला तो जिंकला तर जमा रकमेतला मोठा वाटा त्याचा. अमेरिकेत या प्रकाराला "कलकत्ता" म्हणतात, कलकत्त्याच्या घोड्यांच्या शर्यतींवरून. १९५५ साली न्यूयॉर्कजवळच्या डीपडेल क्लबवर अशाच कलकत्त्यात दोघे जण कच्चे खेळाडू असल्याचं खोटं दाखवून उतरले आणि जिंकले. बोभाटा झाला, अमेरिकेच्या गोल्फ संघटनेने हात झटकले. म्हणजे साहेबांच्या हिरवळीवरही तेच.

आता मुंबईत या. एकोणिसाव्या शतकात तिथे पावसावर सट्टा लागायचा. ठरलेल्या वेळेत ठरलेल्या मापाइतका पाऊस पडतो की नाही, एवढंच. पोलिसांनी १८८७ च्या जुगारबंदी कायद्याखाली धरपकड केली. प्रकरण हायकोर्टात गेलं आणि १८८९ मध्ये कोर्ट म्हणालं, पाऊस हा काही खेळ नाही, आणि खेळ नाही तर जुगार कसा? कायद्याच्या भाषेत बरोबरच होतं. सरकारने १८९० मध्ये घाईघाईने कायदा दुरुस्त केला आणि पावसाचा सट्टा त्यात ओढला. मात्र रेसकोर्सवरच्या घोड्यांवर लावलेल्या पैशांना याच कायद्यात वेगळी सवलत राहिली. गटारापाशी उभा राहणारा आत, रेसकोर्सवर टोपी घालून उभा राहणारा बाहेर. हा फरक पुढे शंभर वर्षं पुरला.

पावसानंतर कापूस. न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराचा उघडतानाचा आणि बंद होतानाचा भाव तारेने मुंबईत यायचा, आणि त्या आकड्यांवर लोक पैसे लावायचे. गंमत बघा, पैसे लावणाऱ्याला ना कापूस घ्यायचा ना विकायचा. त्याला हवा होता असा आकडा, ज्याला गल्लीतला कोणी हात लावू शकणार नाही. १९६१ च्या सुमारास ते भाव यायचे थांबले. मग १९६२ मध्ये कल्याणजी भगतने वरळीत आणि १९६४ मध्ये रतन खत्रीने स्वतःचा आकडा काढायला सुरुवात केली. माठात चिठ्ठ्या, म्हणून मटका. पुढे चिठ्ठ्या जाऊन पत्ते आले, नाव तेच राहिलं. "ओपन" आणि "क्लोज" हे शब्दही कापसाच्या बाजारातलेच.

हिशेब साधा होता. तीन पत्ते काढायचे, बेरजेचा शेवटचा आकडा घ्यायचा. दोन, पाच, आठ आले तर पंधरा, म्हणजे पाच. दहा आकड्यांपैकी एकावर लावायचं आणि लागला तर साधारण नऊपट मिळायचे. दहात एक शक्यता आणि नऊपट पैसे. मधला एक कुठे जातो ते सांगायला नको. गिरणगावापासून गावोगावच्या टपरीपर्यंत हे पोचलं. स्वप्नात साप दिसला तर कोणता आकडा लावायचा, याचेही जाणकार होते. तेही त्याला अभ्यासच म्हणायचे!

इकडे कोर्टात दुसरीच गोष्ट शिजत होती. वर्तमानपत्रांतल्या शब्दकोड्यांच्या बक्षीस स्पर्धांवर मुंबई सरकारने कर आणि निर्बंध लावले. चमारबागवाला खटल्यात १९५७ साली सुप्रीम कोर्टाने जुगाराला व्यापाराचं संरक्षण नाकारलं, पण ज्यात कौशल्य भरपूर आहे त्या स्पर्धा वेगळ्या काढल्या. त्यानंतरच्या दशकात रमी कौशल्याचा खेळ ठरला. १९९६ मध्ये घोड्यांची शर्यत. घोड्याची तालीम, जॉकीचं कसब वगैरे.

माझा अडखळा इथे आहे. शब्दकोडं मी सोडवतो, तर कौशल्य माझं. रमी मी खेळतो, तर निदान काही माझं. पण जॉकीचं कसब जॉकीचं आहे, तिकीट काढणाऱ्याचं कसं? पुण्यात जन्मलेला अनिर्बान लाहिरी २०१५ साली आशियाई टूरच्या कमाईच्या यादीत पहिला आला. अख्खा सीझन, डझनावारी स्पर्धा, तेव्हा कुठे. त्या यादीइतकं खरं कौशल्य दाखवणारी गोष्ट नाही. ते लाहिरीचं. कट्ट्यावरच्या पोराच्या वाट्याला त्यातलं काय आलं? तर "अभ्यास". सापाच्या आकड्यासारखाच.

ॲपवाल्या कंपन्या याच फटीतून आल्या. मुंबई हायकोर्टाने २०१९ मध्ये ड्रीम ११ ला कौशल्याचा खेळ मानलं आणि मग आयपीएलमध्ये जाहिरातींचा पूर आला. आपल्या जिल्ह्याचं नावही गाजलं. जुलै २०२५ मध्ये सिन्नरचे आमदार, तेव्हाचे कृषिमंत्री माणिकराव कोकाटे यांचा विधान परिषदेतला मोबाईलवर रमी दिसणारा व्हिडिओ फिरला. ते म्हणाले, खेळत नव्हतो, जाहिरात बंद करत होतो. काही दिवसांत खातं बदललं. मिळालं कोणतं? क्रीडा. यावर मी काही बोलत नाही.

पुढच्याच महिन्यात संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. कौशल्य असो की नशीब, पैसे लावून ऑनलाइन खेळ चालवणं बंद. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड. कंपन्या कोर्टात गेल्या. खेळणाऱ्याला मात्र या कायद्यात शिक्षा नाही, आणि मला ते योग्य वाटतं, कारण टपरीवरच्या मटक्यात आधी आत जायचा तो चिठ्ठी लिहिणारा गरीब पोरगाच. महालक्ष्मीच्या रेसकोर्सला जुनी सवलत अजून आहेच.

त्या पोराला मी एवढंच विचारलं, आतापर्यंत किती गेले? त्याने मोबाईल खिशात टाकला आणि म्हणाला, "काका, घरी सांगू नका."

जुन्या नाशकात मटक्याचा आकडा कुठे लिहिला जायचा, रात्रीचा क्लोज आपल्याकडे कसा कळायचा, हे कोणा ज्येष्ठांना आठवत असेल तर कमेंटमध्ये जरूर लिहा. नावं नकोत, जागा सांगा.